पिवळ्या कॅसेटींचं कपाट

रविवार, रात्री

पुण्याच्या जुन्या बाजारात आज घबाड हाती लागलं. हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. जुन्या व्हिडिओ गेमच्या वस्तू हव्या असतील तर ऊन चढायच्या आत पोचलेलं बरं, कारण नंतर मोबाइलचे सुटे भाग शोधणारे सगळे ढीग उलथेपालथे करून टाकतात. ओळखीचे काका मला बघताच म्हणाले, “ताई, टीव्हीवरची गेम ना? त्या पोत्यात बघा, काल एका सोसायटीतनं आलंय सगळं.” पोत्यात वायरींचा गुंता, सेट टॉप बॉक्सचे रिमोट, एक तुटकं कॅल्क्युलेटर आणि तळाशी गेमच्या तीन पिवळ्या कॅसेट. एकीचं लेबल पूर्ण निघालेलं. दुसरीवर फुटबॉल. तिसरीवर कॉन्ट्रा या गेमचे दोन दंडबहाद्दर आणि वर ठळक आकडा, ९९९९९९९ इन १. मागच्या बाजूला बॉलपेनने कोरून लिहिलंय, “४ थी ब”. त्याच्या वरचं नाव मात्र घासून गेलंय.

तिन्ही मिळून दीडशे रुपये. घासाघीस करायची इच्छाच झाली नाही.

घरी आल्यावर तिसरी उघडली. या कॅसेटींना बहुधा स्क्रू नसतात, नुसत्या खाचा असतात. जुना एटीएम कार्डाचा तुकडा कडेने सरकवत नेला की टक् टक् करत सुटतात. आत बहुतेक सगळी पोकळी. तळाला बोटभर रुंदीचा हिरवा बोर्ड आणि त्याच्या मधोमध काळ्या रेझिनचा एक गोळा. चिप त्या गोळ्याखाली गाडलेली असते, तिच्यावर ना कंपनीचं नाव ना नंबर. अस्सल जपानी कॅसेट उघडली तर रीतसर पाय असलेल्या, नंबर छापलेल्या चिप दिसतात. इथे कुणाचाच मागमूस नाही. कानातल्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन साठही पट्ट्या पुसल्या. काडी काळीकुट्ट झाली. फुंकर मारायची नाही, हा माझ्या घरातला कडक नियम आहे, कारण तोंडातल्या ओलाव्याने पट्ट्या गंजतात.

मग ती टीव्हीला जोडलेल्या गेमच्या मशीनमध्ये बसवली. आधी मुंग्या, मग एक निळी पट्टी, आणि मग तो मेनू! मागे मावळतीचा समुद्र, उडणारे पक्षी आणि पुढे कधीच न संपणारी यादी. आकडा ९९ लाख ९९ हजार ९९९ चा असला तरी खरे वेगळे गेम मोजकेच असतात. पुढे तोच मारिओ कधी दुसऱ्या लेव्हलपासून, कधी पाचवीपासून सुरू होतो. चौथी ब मधल्या त्या मुलाने किंवा मुलीने हे कधी शोधून काढलं असेल, कोण जाणे. मे महिन्याची सुट्टी त्यातच गेली असणार.

मी वहीत सगळं उतरवून ठेवलं : लेबलाचं वर्णन, मागचा मजकूर, बोर्डाचा रंग, मेनूतले वेगळे गेम, कुठे मिळाली. मागची अक्षरं पुसायची नाहीत. माझ्या लेखी कॅसेटचा सगळ्यात मोलाचा भाग तोच आहे.

सोमवार

काल झोपायला उशीर झाला तरी डोक्यात तेच चालू होतं, म्हणून लिहून टाकते.

निन्टेन्डो या जपानी कंपनीने फॅमिकॉम हे गेमचं मशीन जपानमध्ये आणलं १५ जुलै १९८३ ला. मासायुकी उएमुरा यांनी त्याची रचना केली. आपल्याकडे नव्वदीत घराघरात जे आलं ते त्याच्या नकला करून तैवान आणि चीनमध्ये बनवलेलं. इथे ते मीडिया, लिटल मास्टर अशा नावांनी विकलं जायचं. कॅसेटही तशाच, कुणी बनवल्या याचा पत्ता नसलेल्या. दुकानात जुनी कॅसेट द्यायची, वर थोडे पैसे टाकायचे आणि दुसरी आणायची. कुणी तासावर खेळायला जायचं, कुणी दिवाळीत मशीनच भाड्याने आणायचं.

जगभरचे संग्राहक या कॅसेटींना बनावट म्हणून बाजूला सारतात. त्यांच्या जागी ते बरोबर आहेत, कारण त्यांच्या लहानपणी अस्सल माल दुकानात होता. पण सदाशिव पेठेत किंवा सांगलीत १९९५ साली कुणाच्या टीव्हीखाली काय होतं, हे पुढे कुणाला दाखवायचं असेल तर निन्टेन्डोचा चकचकीत खोका काय कामाचा? तिथे ही पिवळी कॅसेटच होती. तीच आपली अस्सल. म्हणून मी जपानमधून खोकेबंद माल मागवण्यापेक्षा पोत्यांच्या तळाशी हात घालते.

मंगळवार

भाचा आला होता. बदकांचा गेम हवा म्हणून हटून बसला. त्याच्या घरी भिंतभर टीव्ही, पण त्यावर या गेमची बंदूक चालत नाही, आणि ते का, हे मी त्याला आज नीट समजावलं.

डक हंट या बदकांच्या गेममध्ये बंदुकीतून काहीच बाहेर पडत नाही, उलट ती टीव्हीकडे बघते. चाप ओढला की क्षणभर सगळा पडदा काळा होतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा डोळा असतो. आधी काळं आणि मग पांढरं, हे त्याला त्याच क्रमाने ठरलेल्या वेळेत दिसलं तर नेम लागला. जुन्या डब्बा टीव्हीत चित्र एकेक रेघ करत अक्षरशः त्याच क्षणी रंगतं. नव्या टीव्हीत ते आधी आत साठवलं जातं, त्यावर प्रक्रिया होते आणि मग दिसतं. तेवढ्या उशिराने बंदुकीचा हिशोब चुकतो.

“म्हणजे मावशी, मी बदकावर गोळी मारत नाहीच?”

“नाही. बदक तुझ्यावर प्रकाश मारतं.”

त्याला हे इतकं आवडलं की खेळायचं सोडून तो चाप ओढून पडदा काळा होतो का तेच बघत बसला. आत्याकडून उचलून आणलेला हा चौदा इंची टीव्ही घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांत खुपतो. भंगारवाला दर महिन्याला विचारून जातो. पण तो गेला की बंदूकही गेली आणि बदकंही गेली. माझ्या संग्रहात त्या टीव्हीची जागा कॅसेटींच्याही वर आहे.

जाता जाता भाच्याला मारिओतली एक गंमत दाखवली. वरचे ढग आणि खालची झुडपं यांचा आकार एकच आहे, फक्त रंग बदललाय. १९८५ चा तो अख्खा गेम ४० केबीत बसवलेला. सकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर येणारा गुलाबाचा एक फोटो याच्याहून मोठा असतो! त्या ४० केबीत बत्तीस लेव्हल, कोजी कोन्दो यांचं संगीत, पाण्याखालचं जग, पाइपातल्या छुप्या खोल्या. मारिओ घडवणारे शिगेरू मियामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ढगाला खाली आणून झुडूप केलं. जागा नाही म्हणून रडण्यापेक्षा असा मार्ग काढणारी माणसं मला फार थोर वाटतात.

गुरुवार

ऑफिसमधल्या एकाने विचारलं, “यात पैसे किती आहेत?” हा प्रश्न हल्ली सगळेच विचारतात. त्याचं कारणही आहे. जुलै २०२१ मध्ये सुपर मारिओ ६४ ची एक सीलबंद प्रत अमेरिकेत लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. प्लास्टिकच्या जाड पेटीत बंद, वर दर्जाचा आकडा. ती पेटी उघडली तर किंमत कोसळणार, म्हणजे तो गेम आता कुणी खेळणार नाही. मला हे पटत नाही आणि कधी पटेल असंही वाटत नाही. गेम चालू झाल्याशिवाय तो गेम नाही. माझ्या कपाटातली प्रत्येक कॅसेट वर्षातून एकदा तरी मशीनला लागते.

शुक्रवार

आज मन थोडं जड आहे. सकाळी जुन्या कागदांत मीच छापून ठेवलेला एक अहवाल सापडला. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने २०२३ मध्ये पाहणी केली होती. अमेरिकेत २०१० च्या आधी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज अधिकृतरीत्या विकतच मिळत नाहीत. त्याच वर्षी २७ मार्चला निन्टेन्डोने थ्रीडीएस आणि वी यू या आपल्या मशीनांचं ऑनलाइन दुकान बंद केलं. जे फक्त तिथेच मिळत होतं ते त्या दिवसापासून विकत घेता येत नाही. आणि ही अवस्था तिथली, जिथे नोंदी आहेत, संस्था आहेत, संग्रहालयं आहेत.

आपल्याकडे काय आहे? प्लेस्टेशन २ वरचा हनुमान : बॉय वॉरियर हा २००९ चा गेम हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने केला. प्लेस्टेशनसाठी संपूर्णपणे भारतात घडलेला तो पहिला गेम. त्याच वर्षीचा देसी अड्डा, त्यात कबड्डी, विटीदांडू, पतंग. हनुमान खेळायला अवघडलेला आहे, कॅमेरा हवा तिथे वळत नाही, आणि तरी मी तो शेवटापर्यंत खेळले. पहिल्यांदा करणाऱ्यांच्या हातात जो अडखळतेपणा असतो तो त्यात जागोजागी दिसतो. तो जपायला नको का? माझ्याकडच्या प्रतीवर ओरखडे आहेत, पण चालते. डिस्कही कायमच्या नसतात, आतला चकाकता थर हळूहळू खराब होत जातो. म्हणून त्या उभ्या ठेवते, उन्हापासून लांब, पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या डब्यात टाकून. पुण्याची हवा त्या मानाने बरी. मुंबईला होते तेव्हा जुलैत लेबलांवर बुरशी धरायची.

शनिवार

दुपारभर राजी खेळले. हा गेम आमच्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा, २०२० चा. आधी २०१७ मध्ये त्यांनी लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न केला होता, तो साधला नाही. तरीही त्यांनी गेम पुरा केला. राजी ही सर्कशीतली मुलगी, असुरांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघालेली. कथेचे प्रवेश सावल्यांच्या बाहुल्यांसारखे हलतात. महालांचे सज्जे राजस्थानी, भिंतींवरची चित्रं पहाडी शैलीतली. वर विष्णू आणि दुर्गा एकमेकांशी बोलत तिची गोष्ट सांगत असतात. लढाई मला मधे मधे एकसुरी वाटते आणि शेवट फार घाईत येतो. पण भिंतीवर धावत जाऊन खांबाला गिरकी घेणारी ती मुलगी पाहिली की मला दर वेळी तेवढाच आनंद होतो. आपल्या गावात बसून कुणीतरी हे घडवलंय!

संध्याकाळी दादाचा फोन. पुढच्या आठवड्यात तो नाशिकहून येतोय आणि कॉन्ट्रा खेळायचं त्याने स्वतःहून ठरवलंय. वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए, हे त्याने फोनवर एका दमात म्हणून दाखवलं. काझुहिसा हाशिमोतो यांनी ग्रेडियस या गेमची चाचणी सोपी जावी म्हणून बटणांची ही किल्ली बनवली, आणि कॉन्ट्रात तिने तीस लाइफ मिळतात. २०२० मध्ये हाशिमोतो गेले, त्या दिवशीही आम्ही दोघं बराच वेळ फोनवर होतो. धबधब्याच्या लेव्हलला दादा नेहमी भराभर वर चढतो, पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेली मी मरते. या वेळी त्याला आधीच बजावून ठेवलंय की माझ्याबरोबर चढायचं, आणि फैलावून गोळ्या मारणारी ‘एस’ बंदूक पहिल्यांदा मी घेणार.

खेळायच्या दुसऱ्या रिमोटचं बी बटण नीट दाबलं जात नाही. आतलं रबर झिजलंय. बुधवारी बाजारात एखादा निकामी रिमोट मिळतो का बघते, त्यातलं काढून यात बसवता येईल. नऊ पिनांचाच हवा, पंधरावाला या मशीनला लागत नाही.