चार बाटल्या आणि सहा जोड्या

नागपुरातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. वर्षभराच्या प्रात्यक्षिकांत मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रयोग असा: रंगहीन द्रावणांच्या चार बाटल्या, त्यांवर फक्त अ, ब, क, ड ही अक्षरे, आणि सोबत ना लिटमस, ना दुसरे कोणतेही रसायन. विरल हायड्रोक्लोरिक आम्ल, सोडिअम कार्बोनेट, बेरिअम क्लोराइड आणि सोडिअम सल्फेट ही चार नावे तेवढी फळ्यावर लिहायची, आणि कोणत्या बाटलीत काय आहे ते द्रावणे एकमेकांत मिसळूनच मुलांना शोधायला लावायचे.

चार द्रावणांच्या जोड्या होतात 6. प्रत्येक जोडीचे थोडे थोडे थेंब वेगळ्या परीक्षानळीत एकत्र केले, की एका नळीत कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात, दोन नळ्यांत पांढरा अवक्षेप, म्हणजे न विरघळणारा घन पदार्थ, तयार होतो आणि उरलेल्या तिन्हींत काहीच घडत नाही. आता प्रत्येक बाटलीचा हिशेब मांडायचा. जिने दोनदा अवक्षेप दिला ती बेरिअम क्लोराइडची. जिने एकदा बुडबुडे आणि एकदा अवक्षेप दिला ती सोडिअम कार्बोनेटची. जिच्या वाट्याला फक्त बुडबुडे आले ते आम्ल, आणि जिच्या वाट्याला एकच अवक्षेप आला ते सोडिअम सल्फेट.

मुले अडखळतात ती ‘काहीच घडत नाही’ या निरीक्षणापाशी. "सर, याच्यात तर काहीच नाही झालं जी," असे म्हणून ती रकाना कोरा ठेवतात, कारण निरीक्षण म्हणजे रंग बदलणे किंवा वायू निघणे अशीच त्यांची समजूत झालेली असते. तो रकाना मी आग्रहाने भरून घेतो. आम्ल आणि सल्फेट या दोघांच्याही हिशेबात बदल एकेकच असतो, पण कोणाशी गाठ पडल्यावर काही झाले नाही हे नोंदले नसेल तर निष्कर्ष अंदाजावर उभा राहतो. परीक्षेच्या गुणांपेक्षा ही सवय मला महत्त्वाची वाटते.

यापुढचा भाग माझ्या विशेष आवडीचा आहे. दोन्ही पांढरे अवक्षेप दिसायला सारखेच, मग त्यांतला कार्बोनेट कोणता आणि सल्फेट कोणता? आम्लाची बाटली एव्हाना ओळखलेली असते, म्हणून तिच्यातलेच थेंब दोन्ही नळ्यांत सोडायचे. एका नळीत अवक्षेप फसफसत विरघळतो आणि दुधाळ द्रव पाहता पाहता नितळ होतो, तर दुसरीतला अवक्षेप जसाच्या तसा तळाशी बसून राहतो. पहिला बेरिअम कार्बोनेट, दुसरा बेरिअम सल्फेट. पोटाच्या क्ष-किरण तपासणीआधी रुग्णाला बेरिअम सल्फेट पाजता येते, कारण ते लिटरभर पाण्यात जेमतेम अडीच मिलिग्रॅम विरघळते आणि जठरातल्या आम्लातही टिकून राहते. बेरिअम कार्बोनेट मात्र त्याच आम्लात विरघळते आणि म्हणूनच विषारी ठरते. उंदीर मारण्यासाठी ते वापरले जात असे. हे सांगितल्यावर मुले त्या दोन नळ्या पुन्हा हातात घेऊन पाहतात.

एक गोष्ट मात्र काटेकोरपणे सांभाळावी लागते, ती म्हणजे पाणी. आमच्याकडे पुष्कळ ठिकाणी वापरायला बोअरचे पाणी असते आणि त्यात सल्फेट, बायकार्बोनेट असे क्षार विरघळलेले असतात. अशा पाण्याने धुतलेल्या ओल्या नळीत बेरिअम क्लोराइड टाकले तर काही न मिसळताही गढूळपणा येऊ शकतो, आणि तिथून पुढचा सगळा तर्क भरकटतो. म्हणून द्रावणे ऊर्ध्वपातित पाण्यातच करावीत आणि नळ्या शेवटी त्याच पाण्याने खंगाळाव्यात. प्रत्येक बाटलीला स्वतंत्र ड्रॉपर हवा, हे वेगळे सांगायला नको.

विरघळलेले बेरिअम विषारी असल्यामुळे डोळ्यांवर चष्मा, हातांत मोजे आणि तोंडाने पिपेट ओढण्यास सक्त मनाई, हे नियम मी कधीही शिथिल करत नाही. प्रयोग संपल्यावर नळ्यांतले काहीही बेसिनमध्ये ओतू देत नाही. सगळे एका मोठ्या चंचुपात्रात गोळा करून त्यात बुडबुडे थांबेपर्यंत विरल आम्ल आणि नंतर भरपूर सोडिअम सल्फेट घालतो, म्हणजे उरलेले बेरिअमही सल्फेट होऊन खाली बसते. वरच्या नितळ द्रवात सल्फेटचा आणखी एक थेंब टाकून गढूळपणा येत नाही ना, हे तपासायचे काम वर्गातल्या एखाद्या विद्यार्थ्याकडे असते, आणि त्याने होकार दिल्यावरच तो साका गाळून वेगळ्या डब्यात ठेवला जातो.