तुम्ही विचारलंत म्हणून: सीसा झाल्यावर चॅप्टरची वर्गणी कशासाठी?

सीसा (CISA) हे आयएस ऑडिटरचं, म्हणजे संस्थांच्या संगणक प्रणाली तपासणाऱ्या लेखापरीक्षकाचं प्रमाणपत्र. परीक्षा झाली, सर्टिफिकेट आलं. मग ते देणाऱ्या इसाका (ISACA) या संस्थेच्या मुंबई किंवा पुणे चॅप्टरची, म्हणजे स्थानिक शाखेची, वर्गणी दरवर्षी का भरायची? नव्याने सीसा झालेले बहुतेक आयएस ऑडिटर हे विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. सभासद नसलात तरी सर्टिफिकेट टिकतं, सभासदत्वाची सक्ती नाही.

आधी पैशाचं. सीसाच्या परीक्षेची फी सभासदाला ५७५ डॉलर, इतरांना ७६०. सर्टिफिकेट चालू ठेवण्याची वार्षिक फी सभासदाला ४५, इतरांना ८५. म्हणजे परीक्षेच्या वर्षी १८५ डॉलर वाचतात, पुढे दरवर्षी जेमतेम ४०. इसाकाची मूळ वर्गणी आणि वर चॅप्टरची, यांचा खर्च त्या चाळीसातून निघत नाही. निव्वळ बचतीसाठी सभासद राहू नका, हे स्पष्ट सांगितलेलं बरं.

दुसरं कारण सीपीईचं, म्हणजे सर्टिफिकेट टिकवायला लागणाऱ्या पुढच्या शिक्षणाच्या तासांचं देतात. तीन वर्षांत १२० तास, त्यातही दरवर्षी किमान २०, आणि ५० मिनिटांचा एक तास धरायचा. चॅप्टरच्या सत्रांतून यातले बरेच तास भरतात. घोटाळा होतो तो दोन ठिकाणी. पहिली दोन वर्षं वीस-वीसवर भागवलं की तिसऱ्या वर्षाच्या माथी ८० तास येतात. आणि विक्रेत्यांची उत्पादन-सादरीकरणं कितीही ऐकलीत तरी वर्षाला १० तासच धरले जातात. इसाका काही जणांची नावं निवडून तासांचे पुरावे मागते, तेव्हा नुसती नोंदणीची ईमेल दाखवून भागत नाही. तारीख, विषय, तास आणि आयोजकाचं नाव असलेलं प्रमाणपत्र लागतं. ते त्याच दिवशी फोल्डरमध्ये टाका आणि तीन वर्षांचं चक्र संपल्यावरही बारा महिने जपा.

पण तास घरबसल्या वेबिनारमधूनही भरतात. चॅप्टर हवा तो वेगळ्याच कारणासाठी. आयएस ऑडिटर कामावर बहुधा एकटा असतो. समोरच्या आयटी विभागाला प्रणाली त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक असते, आणि आपल्या चाचणीची पद्धतच चुकली असेल तर ते सांगणारं कार्यालयात कोणी नसतं. ज्याचं ऑडिट चाललंय तो विभाग तर सांगणारच नाही!

बदल-व्यवस्थापनाची, म्हणजे प्रणालीतले बदल मंजुरीनेच होतात का याची, चाचणी उदाहरण म्हणून घ्या. बरेच जण बदलांच्या तिकिटांची (नोंदवलेल्या विनंत्यांची) यादी मागवतात, त्यातून पंचवीस निवडतात आणि प्रत्येकावर मंजुरी आहे का ते बघतात. सगळी मंजूर निघतात, अहवाल स्वच्छ. पण ज्या बदलाचं तिकीटच काढलं नाही, तो या यादीत येईल कसा? नमुना काढायचा तो प्रॉडक्शन सर्व्हरवरच्या, म्हणजे रोजचं काम चालतं त्या सर्व्हरवरच्या, डिप्लॉयमेंट लॉगमधून (बदल चढवल्याच्या आपोआप होणाऱ्या नोंदींतून), किंवा फाइल बदलल्याच्या तारखांवरून, आणि तिथून मागे तिकिटाकडे जायचं. दिशा उलटी झाली की चाचणी असून नसल्यासारखी. हे पुस्तकात असतंच, पण आपल्या कार्यपत्रात ही चूक दिसते ती दुसऱ्या ऑडिटरने विचारल्यावर, ‘ही यादी तुम्ही कुठून आणली?’

युझर आयडींचंही तसंच. नोकरी सोडून गेलेल्यांची एचआरची यादी चालू आयडींशी ताडायची, आणि जुळवणी कर्मचारी क्रमांकावर करायची. नावावर केली तर दोन पाटील एक होतात. मग लक्षात येतं की कंत्राटी माणसं आणि विक्रेत्याचे इंजिनिअर एचआरच्या यादीत नसतातच. त्यांची यादी खरेदी विभागाकडून किंवा गेट पासच्या नोंदीतून काढावी लागते. बदली झालेला अधिकारी तर कुठल्याच ‘सोडून गेले’ यादीत नसतो, जुन्या शाखेचे अधिकार मात्र त्याच्याकडे तसेच राहतात. बँकेत एकाच हाताने नोंद आणि मंजुरी होण्याची वाट इथूनच जाते.

नवे नियम आले की चॅप्टरची गरज सर्वात जास्त जाणवते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सायबर घटना सहा तासांत कळवायला आणि लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलं. रिझर्व्ह बँकेचे २०२३ चे आयटी गव्हर्नन्सचे निर्देश १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले. धोरणात ‘१८० दिवस’ लिहिलेलं वाचून पुढे जाणारे पुष्कळ. फायरवॉलची डिस्क चाळीस दिवसांत भरून जुन्या नोंदी पुसल्या जात असतील तर ते धोरण वाचून कळत नाही. १७० दिवसांपूर्वीची एखादी तारीख सांगा आणि त्या दिवसाच्या नोंदी समोर काढायला लावा. मग हेच डेटाबेस आणि व्हीपीएनवर. अशी साधी, टोकदार चाचणी पाच-सहा संस्थांत काम केलेली माणसं एकत्र बसली की पटकन सापडते.

एक पथ्य कडक पाळा. क्लायंटचं नाव, आयपी पत्ते, स्क्रीनशॉट, अहवालाचा मजकूर यांतलं काहीही चॅप्टरमध्ये न्यायचं नाही. ‘मध्यम आकाराची एक सहकारी बँक’ एवढंही कधी कधी जास्त होतं; गाव छोटं असेल तर ओळख पटते. न्यायचं ते एका कागदावर: नियंत्रण कोणतं, एकूण नोंदी किती, यादी कोणत्या प्रणालीतून कोणी काढली, नमुना कसा निवडला, काय अपवाद निघाले. एवढ्यावर चर्चा नीट होते.

वर्गणी भरण्याआधी दोन-तीन सत्रांना जाऊन बघा. व्याख्यान संपल्यावर लोक थांबून चाचण्यांबद्दल बोलतात का, याकडे लक्ष द्या. बोलत असतील तर वर्गणी भरा.