कुळे ते कॅसल रॉक: धबधबा सोडून सरहद्द बघायला

गोव्यातल्या कुळ्याला सगळे दूधसागर धबधब्यासाठी जातात, आम्ही फोंड्याची मंडळी यावेळी मुद्दाम सरहद्द बघायला गेलो, म्हणजे जी आता नाहीच ती. पोर्तुगीज हद्दीतलं शेवटचं मोठं स्टेशन कुळे, आणि घाट चढून गेलं की पलीकडचं, तेव्हाच्या इंग्रज हद्दीतलं कॅसल रॉक, आता कर्नाटकात जोयडा तालुक्यात.

१८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारातून ही रेल्वे निघाली, १८८८ मध्ये मुरगाव ते कॅसल रॉक लाईन पूर्ण झाली. करारामुळे दोन्हीकडची जकात एकच होती, पण १८९२ ला करार संपला आणि जकात नाकी परत आली. मग काय, गाडी इकडे पण थांबणार, तिकडे पण थांबणार, ट्रंका उघडा, बोचकी सोडा, कागद दाखवा! भर जंगलात वस्ती वाढली ती या खोळंब्यावरच, कस्टमवाले, पोलीस, हमाल, रेल्वेची क्वार्टर्स. १९५५ मध्ये गोवा मुक्तीसाठी निघालेल्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला, त्याच वर्षी गाडी बंद पडली. डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, पुढे गाडी परत सुरू झाली पण तपासायला कोणी उरलंच नाही. गाव ओस पडलं म्हणून हळहळायचं की नाकं गेलं म्हणून पेढे वाटायचे, आमच्यात यावर गाडीतच वाद झाला. मी पेढेवाला.

आता कॅसल रॉकला खरी गंमत इंजिनांची. घाटात ३७ मीटरला १ मीटर चढ, त्यामुळे गाडीला मागून जादा इंजिनं लावतात. आम्ही बघत होतो तेव्हा एक माणूस दोन डब्यांच्या फटीत वाकून ब्रेकचा पाईप जोडत होता, कोपरापर्यंत काळं ग्रीस, आणि बाजूला उभा चहावाला त्याच्याशी कन्नडमधून आणि आमच्याशी कोकणीतून बोलत होता, 'पावसांत येयात, मागीर पळयात' म्हणाला, म्हणजे पावसात या, मग बघा.

जाणाऱ्यांनी एवढं बघा. गाड्या कमी आहेत, परतीची आधी नक्की करा, नाहीतर मोलेवरून अनमोड घाटाच्या रस्त्याने स्वतःची गाडी घेऊन जा. खायचं आणि रोख पैसे बरोबर ठेवा, नेटवर्क मधेच गुल होतं. पावसात जळवा लागतात, मिठाची पुरचुंडी खिशात हवी. रुळावरून चालत धबधब्याला जायचा शहाणपणा करू नका, बंदी आहे आणि आरपीएफवाले, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाचे जवान, पकडतात. कुळ्याहून जीप आहेत, पण त्या पावसाळ्यात बंद असतात, साधारण ऑक्टोबरात सुरू होतात. शनिवार-रविवारी मात्र जीपच्या रांगेतच अर्धा दिवस जाईल, त्यापेक्षा मधल्या वारी जा.