तारा नावाच्या बायका, टेकड्या आणि एक नदी

आत्याचा मान मोठा असतो म्हणतात. बाळाच्या कानात कुर्र करायचं आणि नाव सांगायचं. पण हल्ली आत्याने नाव फक्त सांगायचं असतं, ठेवायचं नसतं. ते आधीच ठरलेलं असतं, आणि आईबाप परदेशात असले तर एक्सेल शीटमध्ये ठरलेलं असतं. माझ्या भावाने न्यू जर्सीहून ती शीट मला धाडली. 'ताई, एकदा नजर टाक.' मुख्य अट एकच, नाव दोन्हीकडे चाललं पाहिजे. म्हणजे इथे आजीला नीट हाक मारता आली पाहिजे आणि तिथे शाळेतल्या बाईंची जीभ अडखळता कामा नये. ज्ञ, ळ, ऋ असलेल्या सगळ्याजणी पहिल्याच फेरीत गारद. ज्ञानदा गेली, मृणाल गेली, निर्मळा तर यादीत आलीच कशी कोण जाणे. उरल्या माया, मीरा, नीना, अनिका आणि तारा. परदेशातल्या मराठी मुलींची हजेरी घेतली तर याच चार-पाचजणी आलटून पालटून 'हजर' म्हणतील. शेवटी तारा ठरली.

मला मात्र तारा म्हटल्यावर आधी एक स्टीलचं पातेलं आठवलं. वडिलांच्या तारामावशीचं. भांड्यांच्या दुकानात नावं घालणारा माणूस बसायचा, त्याने टिंबाटिंबांनी कोरलेलं 'सौ. तारा', पुढे नवऱ्याचं आद्याक्षर आणि आडनाव. आडनाव लांबलचक, त्यामुळे शेवटची दोन अक्षरं दाटीवाटीने काठाकडे चढलेली. त्या पिढीत गल्लोगल्ली तारा असायच्या. ताराकाकू, ताराबाई, नुसत्याच तारा. मग मधली तीसचाळीस वर्षं कुणी मुलीचं नाव तारा ठेवलंच नाही, आणि आता बघावं तर प्लेस्कूलच्या वर्गात पुन्हा दोन-दोन.

'शिवाय हे आयरिशही आहे बरं का,' असं भावाने वर सांगितलं. खरं आहे ते. पण आयर्लंडात तारा हे मुळात बाईचं नावच नव्हे, ते टेकडीचं नाव. डब्लिनच्या वायव्येला मीथ परगण्यात ही तारा टेकडी आहे. सिंहगड चढलेल्या माणसाला तिला टेकडी म्हणायलाही जड जाईल. गवत, जुन्या मातीच्या बांधांची कडी, मधे चर. पण आयर्लंडच्या प्राचीन राजांची गादी इथली, असं तिथली परंपरा सांगते. वर एक उभा दगड आहे, लिया फॉल नावाचा. खरा राजा असेल तर हा दगड ओरडतो म्हणे. (असा एखादा दगड आपल्या मंत्रालयाबाहेर असता तर आजवर त्याच्या घशातून आवाज फुटला असता का, हा वेगळा विषय.) १८४३ साली डॅनियल ओ'कॉनेलने ब्रिटनशी झालेलं आयर्लंडचं एकीकरण मोडण्यासाठी जी प्रचंड सभा भरवली, तीही याच टेकडीवर. तारीख होती १५ ऑगस्ट. असलं काही वाचलं की आपल्या अंगात एक शेजारी शिरतो, सगळीकडे नातीगोती जोडत हिंडणारा.

या शेजाऱ्याचा प्रताप बघायचा तर तारा टेकडीवरच बघावा. १८९९ ते १९०२ या काळात काही मंडळींनी ही टेकडी चक्क खणून काढली. ब्रिटिश लोक हेच इस्राएलचे हरवलेले वंशज, अशी या पंथाची ठाम समजूत. तेव्हा बायबलमधला कराराचा कोश, दहा आज्ञांच्या पाट्या ठेवलेली ती पेटी, इथेच कुठेतरी पुरलेली असणार. तारा आणि यहुद्यांचा 'तोरा' हा धर्मग्रंथ यांतलं उच्चारसाम्य त्यांना भलतंच अर्थपूर्ण वाटायचं. येट्ससारखे कवी त्यांच्याविरुद्ध वर्तमानपत्रात पत्रं लिहून भांडले. पेटी मिळाली नाही. टेकडीची नासाडी मात्र झाली ती झालीच.

आपल्याकडेही हा पंथ आहे, फक्त तो कुदळ हाती घेत नाही, मेसेज फॉरवर्ड करतो. व्हॅटिकन म्हणजे वाटिका वगैरे. आयर्लंडातल्या ताराचं मूळ तारादेवीत आहे, असा मजकूर मलाही येऊन गेला, शेवटी हात जोडल्याच्या तीन चित्रांसह. आता आयरिश भाषेत त्या टेकडीला तारा म्हणतच नाहीत. तिथलं नाव 'ट्याउर'च्या आसपास जातं, आणि तारा हा त्याचा इंग्रजांच्या तोंडी रुळलेला अवतार. पुण्याचं पूना करणाऱ्यांनी तिकडेही हात साफ केला, एवढाच काय तो दोन ताऱ्यांमधला दुवा.

ते नाव एकदा गाजल्यावर त्याची विक्रीही सुरू झाली. १८५० साली समुद्राकाठच्या बेटिसटाउन गावाजवळ एक अप्रतिम प्राचीन पिन सापडली. साधारण इ.स. ७०० च्या सुमाराची, अंगठ्याएवढ्या जागेत सोन्याच्या तारांची अशी बारीक नक्षी की डोळे दुखावेत. ती डब्लिनच्या एका जवाहिऱ्याच्या हाती लागली. त्याला तिच्या नकला करून विकायच्या होत्या, त्यामुळे त्याने तिचं नाव ठेवलं 'तारा ब्रोच'. टेकडीशी त्या पिनेचा काडीचा संबंध नव्हता. राजघराण्याचा वास आला की दागिना खपतो, हे तो ओळखून होता. आज ती पिन डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, आणि नाव तेच.

अमेरिकेतल्या तारा आणखी पुढच्या. १९३६ साली मार्गारेट मिचेलची 'गॉन विथ द विंड' आली. तिच्यातला आयरिश जमीनदार जॉर्जियातल्या आपल्या कापसाच्या मळ्याला मायदेशातल्या टेकडीचं नाव देतो. पुस्तक खपलं, १९३९ साली सिनेमा आला, आणि हळूहळू मुलींची नावं तारा पडू लागली. १९७० च्या दशकात तर त्यांचं पीकच आलं. म्हणजे माझ्या भाचीच्या वर्गात दुसरी तारा निघाली तर तिची वंशावळ अशी जाईल: आयर्लंडातली टेकडी, तिच्या नावाचा एक काल्पनिक मळा, आणि तो मळा पडद्यावर बघितलेली कुणाची तरी पणजी. तो मळा गुलामांच्या घामावर पिकायचा, ही गोष्ट नाव ठेवताना कुणाला टोचली नसावी. नावं अशीच धुऊनपुसून पुढे जातात.

आता आपल्या घरच्या तारा. रामायणातली वालीची बायको हिच्यावर माझा फार जीव आहे. पंचकन्यांच्या श्लोकात आपण तिचं नाव घेतो आणि तिला विसरतो. सुग्रीव एकदा मार खाऊन पळालेला, तो पुन्हा दाराशी येऊन गर्जना करतोय. वाली तिरीमिरीत निघतो. तारा त्याला अडवते आणि सरळ हिशेब मांडते: नुकताच मार खाल्लेला माणूस इतक्या लगेच परत येतो, तो कुणाच्या तरी जोरावरच. अंगदाच्या हेरांनी अयोध्येच्या दोन राजपुत्रांची बातमी आणली आहे, तेव्हा तूर्त जाऊ नकोस. अख्ख्या किष्किंधाकांडात परिस्थिती नीट वाचलेली ही एकटीच. वाली अर्थातच गेला. पुढे लक्ष्मण संतापून दाराशी आला, तेव्हा त्याच्यासमोर जाऊन बोलायची वेळही तिच्यावरच आली, कारण सुग्रीव महाराज तेव्हा शुद्धीवर नव्हते.

सातारच्या किल्ल्याची कथा डब्लिनच्या जवाहिऱ्याला शिकवणी देईल अशी. १७०० च्या मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले. पुढच्याच महिन्यात सातारचा किल्ला औरंगजेबाने घेतला आणि आपल्या मुलाच्या नावावरून त्याचं नाव 'आझमतारा' ठेवलं. राजाराम महाराजांच्या मागे पंचविशीची ताराबाई, हंबीरराव मोहित्यांची लेक. लहानग्या मुलाला गादीवर बसवून तिने पुढची सात वर्षं त्या बादशहाला दख्खनभर फिरवलं, तो १७०७ मध्ये इथेच, नगरला मरेपर्यंत. किल्ला परत मराठ्यांकडे आला आणि त्याचा 'अजिंक्यतारा' झाला. हे नाव ताराबाईंनीच दिलं असं सांगतात. शत्रूने ठेवलेल्या नावातला नको तेवढा अर्धा भाग काढला आणि उरलेला अर्धा नेमका आपल्या नावाचा होता! याच सातारला १७६१ च्या डिसेंबरात त्या गेल्या. पानिपताची बातमी ऐकूनच गेल्या म्हणायच्या. मधल्या काळात पेशव्यांना त्यांनी काय घाम फोडला, ते सांगायला बसले तर हा लेख त्यांचाच होऊन बसेल, आणि बाईंना ते आवडलंही असतं. तारामावशीच्या पिढीतल्या किती मुलींना त्यांच्यामुळे हे नाव मिळालं असेल सांगता येत नाही, पण घाटावर तरी ते कानांवर असायचंच. कोल्हापुरात कावळा नाक्याला घोड्यावरच्या ताराराणी आजही येणाऱ्याजाणाऱ्यावर लक्ष ठेवून असतात.

मग बौद्धांची तारा. वेरूळच्या लेण्यांत ती आहे, आपण शाळेच्या सहलीत तिच्यासमोरून डबा खायच्या घाईत गेलेलो असतो. तिबेटात तिचं नाव डोल्मा. तिथली कथा अशी की ती पूर्वी राजकन्या होती, ज्ञानचंद्रा नावाची (हिचंही नाव शीटमधून पहिल्याच फेरीत बाद झालं असतं). तिची साधना पाहून भिक्षू म्हणाले, एवढं पुण्य गाठीशी आहे तर पुढच्या जन्मी पुरुष होण्याची प्रार्थना कर, म्हणजे बुद्धत्वाचा मार्ग मोकळा. तिने सांगितलं, पुरुषदेह घेऊन मोक्षाच्या मागे लागणारे पुष्कळ आहेत. सगळ्यांची सुटका होईपर्यंत मी बाईच्याच देहात राहून काम करीन. भिक्षूंनी यावर काय तोंड केलं ते कथेत नाही. कैलासाच्या परिक्रमेत जी सर्वांत अवघड खिंड लागते, साडेपाच हजार मीटरांहून उंच, ती डोल्मा ला, म्हणजे ताराचीच खिंड. पुण्याठाण्याची मंडळी दरसाल धापा टाकत शंकराचं नाव घेत तिच्यावरून जातात, तेव्हा पायाखाली तारा असते. हे नातं मात्र खरं, कागदोपत्री सिद्ध, आणि याचा फॉरवर्ड मला अजून कुणी पाठवलेला नाही.

मला खरी मजा वाटते ती मात्र नातं अजिबात नसलेल्या तारांची. माँटेनेग्रोत तारा नावाची नदी आहे. तिने डोंगर कापत तेराशे मीटर खोल दरी केली आहे, युरोपातल्या सर्वांत खोल दऱ्यांत ती मोजतात. या दरीवर १९४० साली काँक्रीटचा पाच कमानींचा देखणा पूल तयार झाला. दोन वर्षांतच इटालियन फौजा आल्या. त्यांना अडवायचं तर पूल तोडायला हवा होता. तो बांधणाऱ्या इंजिनिअरांपैकी एक, लाझार याउकोविच, याने कुठे सुरुंग लावला म्हणजे एकच कमान पडेल आणि बाकीचा पूल शाबूत राहील, हे बंडखोरांना दाखवून दिलं. कमान पडली. इटालियनांनी त्याला पकडून त्याच पुलावर गोळ्या घातल्या. युद्ध संपल्यावर पडलेला तुकडा तेवढा भरून काढला आणि पूल पुन्हा उभा राहिला. आपली एक कमान कशी पाडावी, हे माहीत असणं आणि ते दुसऱ्याला सांगणं! मला ताराबाईंनंतर कुठल्या ताराबद्दल पानं भरून वाचावंसं वाटलं असेल, तर ती ही.

सैबेरियात इर्तिश नदीकाठी तारा नावाचं गाव आहे, १५९४ मध्ये वसवलेलं. १७२२ साली रशियाच्या पीटर झारने फर्मान काढलं की गादीचा वारस मी ठरवीन, आणि तो जो कोण असेल त्याच्याशी इमान राखण्याची शपथ सगळ्यांनी आत्ताच घ्यायची. शपथपत्रावर वारसाचं नावच नव्हतं. ताराच्या लोकांनी कळवलं, नाव सांगा, मग शपथ घेऊ. बिननावाच्या माणसाची शपथ आम्ही घेत नाही. यासाठी त्या गावावर फौज गेली आणि फार हाल करून लोकांना मारण्यात आलं. एवढ्या लांबच्या, बर्फातल्या त्या गावाचं हे म्हणणं मला कुठल्याही राजवाड्यातल्या म्हणण्यापेक्षा बरोबर वाटतं.

बाकीच्या तारा किरकोळीत. जपानात तारा म्हणजे कॉड मासा. आपल्या पालघर जिल्ह्यात तारापूर, अणुवीज केंद्राचं, आणि तिथे जायला उतरायचं बोईसरला. ध्रुवीय बर्फात मुद्दाम गोठून वाहत जाणारं, समुद्राचा अभ्यास करणारं एक फ्रेंच जहाज, तेही तारा. आणि पेरू देशात (आपल्या पेरूच्या फळाचा या देशाशी संबंध नाही, ते नाव पोर्तुगीजांच्या नासपतीवरून आलं) तारा नावाचं काटेरी झाड आहे. त्याच्या शेंगांनी कातडी कमावतात आणि बियांचा डिंक आइसक्रीम घट्ट राहावं म्हणून घालतात. परदेशी डब्यावर बारीक अक्षरांत ई ४१७ दिसलं, तर तीच ही.