‘आय हेट’ म्हटलं तर चालतं का?

इंग्लिश बोलायला शिकवते म्हटलं की हा प्रश्न हमखास येतो, ‘आय हेट’ बोललं तर चालतं का हो, फार कडक नाही ना होत? कारण शाळेत हेट म्हणजे तिरस्कार करणे असं पाठ केलेलं असतं, आणि तिरस्कार काय आपल्या रोज तोंडात येत नाही, मग पिक्चरमधला कुणीतरी ‘आय हेट मंडेज’ म्हणाला की वाटतं सोमवारने याचं काय घोडं मारलंय!

चालतं की. फक्त पुढे काय येतंय ते बघा. पुढे एखादी वस्तू किंवा काम असेल तर तो नुसता वैताग असतो. ‘आय हेट वेटिंग’ म्हणजे वाट बघायचा मला कंटाळा येतो, बस, त्यात द्वेषबिश काही नाही. माणूस आला की मात्र जपून. मैत्रिणीला हसत ‘आय हेट यू’ म्हणणं वेगळं आणि ऑफिसमध्ये बॉसबद्दल ‘आय हेट हिम’ म्हणणं वेगळं, तिथे ‘आय डोन्ट लाइक’वर भागवा. आणि ‘हेट स्पीच’, ‘हेट क्राइम’मधला हेट तर खराच द्वेष, तिथे हलकंफुलकं काही नाही.

खरी गोची वाक्यात होते. मराठीत राग येतो, कंटाळा येतो, किळस येते, सगळं आपलं आपण येतं आणि आपण नुसते ‘मला’ म्हणून बसलेले असतो. इंग्लिशमध्ये मात्र ‘आय’लाच हेट करावं लागतं, म्हणून मग लोक ‘आय हॅव हेट ऑफ हिम’ किंवा ‘आय हेट टू हिम’ असलं काहीतरी जुळवतात. मध्ये काही घालायचं नाही हो, सरळ ‘आय हेट हिम’. दुसरं म्हणजे ‘लोक मधेच तोडतात तेव्हा मला राग येतो’ याला ‘आय हेट इट व्हेन पीपल इंटरप्ट’, यातला ‘इट’ गाळायचा नाही, बहुतेक जण तोच गाळतात. ‘हेट वेटिंग’ आणि ‘हेट टू वेट’ दोन्ही बरोबर, पण डिसलाइकला ते लाड नाहीत, तिथे ‘डिसलाइक वेटिंग’च. आणि मध्ये ‘वुड’ आला, ‘आय वुड हेट टू मिस इट’, की नेहमी ‘टू’च.

मला स्वतःला सगळ्यात मजा वाटते ती या शब्दाच्या सभ्यपणाची. ‘आय हेट टू बॉदर यू’ म्हणजे तुम्हाला त्रास द्यायला अगदी जिवावर येतंय हो, पण देतोय! ‘आय हेट टू से धिस, बट...’ ऐकलं की पुढे काहीतरी कडू येणार हे धरूनच चाला. नवीन ड्रेस घालून कसा दिसतोय विचारलंत आणि समोरचा ‘आय डोन्ट हेट इट’ म्हणाला तर रुसू नका, बऱ्याचदा त्याचा अर्थ ‘बरा आहे की’ असाच असतो.

खरंच टोकाचा तिटकारा सांगायचा असेल तर ‘लोद’ (loathe) वापरा, शेवटी मऊ ‘द’. त्याच्याच जवळचा ‘लोथ’ (loath) वेगळा बरं का, ‘आय ॲम लोथ टू गो’ म्हणजे जायची अजिबात इच्छा नाही, एवढंच.