राखाडी मोनाझाइट: आर्क्टिक शेलमध्ये नजरेआड राहणारे कण

शेलमध्ये, म्हणजे चिखल दबून झालेल्या खडकात, विरल मृत्तिका मूलद्रव्ये (सेरियम, निओडिमियम, युरोपियम वगैरे) असतातच. तुलनेसाठी वापरल्या जाणाऱ्या सरासरी शेलमध्ये त्यांची बेरीज सुमारे १८५ पीपीएम (दशलक्षात इतके भाग) भरते, त्यामुळे अहवालात २५० दिसले म्हणून हुरळून जाऊ नये. बेरजेपेक्षा ती मूलद्रव्ये कोणत्या खनिजात बसली आहेत, हे महत्त्वाचे.

अलास्का आणि रशियातल्या उत्तर याकुतियातल्या गाळखडकांच्या भागांत त्याचे एक उत्तर राखाडी मोनाझाइट असे मिळते; मोनाझाइट म्हणजे विरल मृत्तिकांचे फॉस्फेट खनिज. याकुतियात कुलार भागातल्या सोन्याच्या वाळूत ते सापडते, म्हणून तिथे त्याला कुलाराइट म्हणतात. ग्रॅनाइटमधला मोनाझाइट पिवळसर-तपकिरी आणि थोरियमयुक्त असतो. हा मात्र राखाडी ते काळा, लंबगोल, बहुधा २ मिमीपेक्षा लहान, आणि त्यात थोरियम साधारण १ टक्क्याहूनही कमी. तो चिखल दबून खडक होताना किंवा पुढे उष्णता-दाबाने होणाऱ्या सौम्य रूपांतरणात तिथेच वाढतो. वाढताना आजूबाजूचे क्वार्ट्झ, अभ्रक, क्लोराइट पोटात घेतो. युरोपियमचे प्रमाण नेहमीच्या मोनाझाइटपेक्षा बरेच जास्त, आणि खरे आकर्षण तेच.

हे कण हातचे जातात ते याच गुणांमुळे. थोरियम कमी असल्याने किरणोत्सारमापक जवळजवळ गप्प राहतो. उलट काळ्या शेलमधले युरेनियम त्याला भलतीकडेच बोलायला लावते. पोटातल्या हलक्या खनिजांमुळे कणाची घनताही नेहमीच्या ५ ऐवजी ४.५ ते ४.७ च्या आसपास उतरते. गाळ ताटात धुताना तळाशी फक्त चकचकीत काळी वाळू उरेपर्यंत धुतले, तर हे कण शेलच्या चुऱ्याबरोबर वाहून जातात. म्हणून २ मिमी चाळणीखालचा गाळ घ्यावा आणि करडी वाळू दिसू लागताच धुणे थांबवावे. पुढचे वेगळे करणे प्रयोगशाळेवर सोडावे.

तिथे २.९ च्या जवळपास घनतेच्या जड द्रवात शेलचे तुकडे तरंगतात आणि मोनाझाइट बुडतो. अशा द्रवांपैकी ब्रोमोफॉर्म विषारी आहे, त्यापेक्षा लिथियम पॉलीटंगस्टेटचे द्रावण बरे. सिडेराइट (लोहाचे कार्बोनेट) आणि पायराइट (लोहाचे सल्फाइड) हेही मोनाझाइटबरोबर बुडतात. चुंबकीय विभाजकात सिडेराइट कमी विद्युतप्रवाहालाच बाजूला होतो, मोनाझाइट मधल्या प्रवाहाला ओढला जातो, तर पायराइट, बॅराइट आणि झिरकॉन मागे राहतात.

नमुना कुठून घ्यायचा, हेही अवघड. कायम गोठलेल्या जमिनीवरचा उन्हाळ्यात वितळणारा थर उतारावरून सरकत असतो, त्यामुळे कण सापडला तिथेच खाली त्याचा खडक असेल असे धरता येत नाही. गोठण्या-वितळण्याने वर उसळलेल्या चिखलाच्या वर्तुळांतला ताजा गाळ त्यातल्या त्यात विश्वासाचा.

विश्लेषणात सर्वांत घातक चूक बेरियमची. काळ्या शेलमध्ये बॅराइट हे बेरियमचे खनिज असले, की आयसीपी-एमएसमध्ये (आयन वस्तुमानानुसार मोजणाऱ्या यंत्रात) बेरियम ऑक्साइडचे आयन १५१ आणि १५३ वस्तुमानावर, म्हणजे नेमके युरोपियमच्या दोन्ही समस्थानिकांवर येऊन पडतात. दुरुस्ती केली नाही तर नसलेले युरोपियमही भरघोस दिसते. चार आम्लांत विरघळवण्यापेक्षा लिथियम बोरेटसोबत वितळवलेला नमुना चांगला, कारण आम्लात झिरकॉन पूर्ण विरघळत नाही आणि त्यात अडकलेल्या जड विरल मृत्तिका कमी दिसतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावरच्या ईडीएसमध्ये (क्ष-किरणांवरून मूलद्रव्ये ओळखणाऱ्या मापकात) निओडिमियमची मुख्य रेषा सेरियमच्या दुय्यम रेषेला चिकटलेली असते, म्हणून झटपट मिळालेले आकडे फक्त ओळख पटवण्यापुरते घ्यावेत. शिवाय कणाच्या गाभ्यात निओडिमियम, समेरियम, युरोपियम जास्त आणि कडेला लँथॅनम, सेरियम जास्त अशी रचना वारंवार आढळते. कण घासून सपाट करावा आणि गाभा व कड स्वतंत्र मोजावी.