शिअर बोल्ट सारखा तुटत होता, कारण निघालं भलतंच

शिरपूर तालुक्यात तापीकाठी आमचा रब्बी मका उभा होता आणि हार्वेस्टर ऐन कामात असताना ऑगरने, म्हणजे टाकीतला दाणा पाईपातून ट्रॉलीत ढकलणाऱ्या मळसूत्री पात्याच्या शाफ्टने, दगा दिला. टाकी काठोकाठ भरलेली. पाईप ट्रॉलीवर आणला, क्लच टाकला, घमेलंभर मका पडला आणि खट्‌कन आवाज होऊन सगळं थांबलं. ट्रॉलीवाल्याने खालून हाक दिली, "काय व्हयनं भो?"

शिअर बोल्ट तुटला होता. नवा टाकला, तोही गेला. शेजारच्या शेतातला ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ, हाय-टेन्साइल बोल्ट ठोका, परत तुटणार नाही." हा सल्ला हंगामात सर्रास मिळतो आणि मला तो अजिबात पटत नाही. शिअर बोल्ट मुद्दाम कमजोर ठेवलेला असतो. जोर वाढला की आधी तो तुटावा. चेन, शाफ्ट, गिअरबॉक्स वाचावेत. कडक बोल्ट टाकला की तोच जोर गिअरबॉक्सवर जातो, आणि गिअरबॉक्स गेला की ऐन हंगामात मशीन बांधावर उभं.

इंजिन बंद करून चावी खिशात ठेवली. टाकीत हातपाय घालण्याआधी हे झालंच पाहिजे, कितीही घाई असो. तळाची झडप उघडून मका ताडपत्रीवर उतरवला. पहिला संशय ओलीवर होता, कारण दाण्यात नख रुतत होतं. ओला मका ऑगरला जड जातो. म्हणून तळाच्या ऑगरवरची झाकणं खाली घेतली. त्याने पाईपात एका वेळी दाणा कमी शिरतो. पण एवढ्यावर माझं समाधान होईना. ओला मका आधीही काढला होता, तेव्हा बोल्ट टिकले होते.

मग पट्टा उतरवला आणि रिकामे ऑगर हाताने फिरवून पाहिले. तळाचा अलगद फिरला. पाईपातला मात्र प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी अडायचा. टॉर्च मारली तर पाईपच्या बुडाशी आतून एका बाजूला पत्रा घासून चकचकीत झालेला, बाकी सगळीकडे धुळीचा थर. शाफ्ट खाली बसला होता आणि पाती पत्र्याला घासत होती. गार्ड काढलं. बुडाच्या बेअरिंगभोवती मक्याचे केस आणि भुसा घट्ट गुंडाळलेला, सील फाटलेलं, आत ग्रीसऐवजी काळी भुकटी. रिकाम्यात ते कसंबसं फिरायचं. वर मक्याचा भार आला की बोल्ट तुटायचा.

बेअरिंग धुळ्याहून आणलं. ते बसवताना चेनचा ताण पाहिला, पात्यांच्या कडा चाचपल्या. बुडाकडच्या कडा पातळ झाल्यात. तिथून दाणा मागे घसरतो आणि फुटतोही. हंगाम उरकला की त्या वेल्डिंगने भरून घेणार आहे.

आता इंजिन कमी आरपीएमवर असतानाच ऑगर जोडतो, मग रेस वाढवतो. थांबवण्याआधी पाईप पूर्ण रिकामा होऊ देतो, कारण ओला मका रात्रभर आत राहिला की दाटून बसतो आणि सकाळी सुरू करताच सगळा जोर बोल्टवर येतो. नवं बेअरिंग बसवल्यापासून बोल्ट तुटलेला नाही. त्याचं ग्रीस निप्पल, म्हणजे ग्रीस भरायचं तोंड, आमच्या मशीनवर गार्डच्या आड आहे, बाहेरून दिसतच नाही. तुमच्या मशीनवर ते कुठे आहे ते कापणी लागायच्या आधी शोधून ठेवा.